बसलेली बॅटरी

मृगाचा पाऊस झाला, सोयाबीन उगवून आले, की धाराशिव जिल्ह्यात फवारणीचे पंप बाहेर निघतात. आधी तणनाशक, मग खोडमाशी, चक्रीभुंगा, पुढे शेंगा पोखरणारी अळी. माघापासून पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेला बॅटरीचा पंप खाली उतरतो, धूळ झटकली जाते, चार्जर लागतो. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. चार्जरवर लाल दिवा लागतच नाही. किंवा पाचच मिनिटांत हिरवा होतो. हिरवा दिवा पाहून टाकी भरावी, पंप पाठीवर घ्यावा, तर दोन ओळींत मोटर थांबते. ऐन घाईच्या दिवसांत नवी बॅटरी आणायला तालुक्याला जावे लागते आणि जुनी भंगारात जाते.

या बॅटरीने गेल्या हंगामात नीट काम केलेले असते. कामाने ती झिजलेली नसते. चार-पाच महिने रिकाम्या पोटी, उन्हाच्या काहिलीत पडून राहिल्याने ती बसलेली असते. असे पडून राहणे इथल्या शेतीच्या वेळापत्रकातच आहे. खरिपाच्या फवारण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संपतात. हरभऱ्याच्या घाटेअळीसाठी नोव्हेंबर ते जानेवारीत पंप पुन्हा लागतो. त्यानंतर जूनपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. भूम, वाशी, परंडा, कळंब या भागांतली ऊसतोड करणारी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर बंद घरातली चार्जिंगची टॉर्च, सौर कंदील, दारातली मोटारसायकल, सगळ्यांच्या बॅटऱ्या पडून असतात. पुण्या-मुंबईला गेलेल्यांच्या गावच्या घरातला इन्व्हर्टरही तसाच.

अशा बॅटऱ्यांपैकी बऱ्याच उठवता येतात. काही उठवता येत नाहीत, आणि काही उठवायचा प्रयत्नसुद्धा करू नये. हा फरक ओळखायला एक साधा मीटर, थोडे रसायनशास्त्र आणि बराच धीर लागतो.

पडून राहिल्याने काय बिघडते

शिसे आणि आम्लाची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये तयार केली. आज फवारणीचा पंप, मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टर यांत बहुतेक वेळा असते ती त्याच कुळातली. आत दोन प्रकारच्या प्लेटा असतात. एक शुद्ध शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची. मध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल. बॅटरी वीज देते तेव्हा आम्लातला सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो. दोन्हींवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना हीच क्रिया उलटी होते: सल्फेट सुटून परत आम्लात येतो आणि प्लेटा मूळ रूपात येतात.

ताजे सल्फेट बारीक, सच्छिद्र असते. ते सहज परत फिरते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडे-महिने राहिली की मात्र लहान स्फटिक विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमा होतात. हळूहळू प्लेटेवर जाड, कठीण थर चढतो. सल्फेट विजेचे वाहक नाही. त्यामुळे चार्जरने जोर लावला तरी आत प्रवाह शिरत नाही. चार्जरला प्रवाह कमी झालेला दिसतो, बॅटरी भरली असे तो समजतो आणि हिरवा दिवा लावतो. पाच मिनिटांतला हिरवा दिवा हे भरल्याचे नव्हे, दार बंद असल्याचे लक्षण आहे.

दुसरा बिघाड अधिक गंभीर आहे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले आम्ल जवळजवळ पाणी झालेले असते, आणि त्यात शिशाचे सल्फेट जास्त विरघळते. पुढे चार्ज करताना हेच विरघळलेले शिसे दोन प्लेटांमधल्या पडद्याच्या छिद्रांत सुईसारखे वाढते. सुई आरपार गेली की तो सेल आतून शॉर्ट होतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात. त्यातला एक गेला की बॅटरी साडेदहाच्या आसपास अडकते आणि कितीही चार्ज केली तरी वर येत नाही.

आता उन्हाळ्याचा हिशेब. बंद प्रकारची शिसे-आम्ल बॅटरी २५ अंशांच्या आसपास महिन्याला साधारण तीन टक्के आपोआप उतरते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापते. दिवस-रात्रीची सरासरी ३५ अंश धरली तरी महिन्याला सहा टक्के जातात. निम्मी भरलेली बॅटरी फेब्रुवारीत ठेवली, तर जूनच्या मध्याला ती पाव भरलेली उरते. प्रत्यक्षात शेवटची टाकी मारून पंप तसाच टांगलेला असतो, म्हणजे सुरुवातच तळापासून होते. पंपावर व्होल्ट दाखवणारा छोटा आकडी मीटर असेल आणि बटण चालू राहिले असेल, तर तो एकटाच बॅटरी रिकामी करतो. त्याने वीस मिलिअँपिअर ओढले तरी ८ एएचची (अँपिअर-तासांची) भरलेली बॅटरी ४०० तासांत, म्हणजे सतरा दिवसांच्या आत, संपते. पुढचे चार महिने प्लेटांवर सल्फेट घट्ट होत राहते.

चार्जर का नाकारतो

जुने चार्जर साधे होते. ट्रान्सफॉर्मर, डायोड, आणि प्रवाह सुरू. समोर बॅटरी आहे की नाही हेही ते बघत नसत. आताचे बरेच चार्जर आधी समोरच्या बॅटरीचे व्होल्ट मोजतात. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चार-पाचच व्होल्ट दिसले, की बॅटरी शॉर्ट आहे, उलटी जोडली आहे किंवा भलतीच आहे असे मानून ते सुरूच होत नाहीत. ही काळजी योग्यच आहे, कारण खरोखर शॉर्ट झालेल्या बॅटरीत प्रवाह ओतणे धोक्याचे असते. पण जी नुसती खोलवर उतरली आहे, तीही याच नियमात सापडते.

म्हणजे चार्ज न घेणे हा एकच आजार नाही. निदान तीन वेगळ्या अवस्था त्यामागे असू शकतात: चार्जरला बॅटरी दिसत नाही, बॅटरी दिसते पण प्रवाह घेत नाही, किंवा प्रवाह घेते पण धरून ठेवत नाही. पहिलीवर उपाय सोपा आहे. दुसरीवर आहे, पण वेळ लागतो. तिसरीवर बहुधा नाही.

आधी जात ओळखा

काहीही जोडण्यापूर्वी बॅटरीवरचे लेबल वाचा. शिसे-आम्लाची बॅटरी जड असते: १२ व्होल्ट, ८ एएचची पंपाची बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते. लिथियमची तेवढ्याच ताकदीची बॅटरी त्याच्या निम्म्याहून हलकी असते. नव्या पंपांत आणि सौर दिव्यांत लिथियम वाढत चालले आहे, त्यामुळे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन पंपांत दोन जातींच्या बॅटऱ्या असू शकतात. एका जातीचा उपाय दुसरीवर केला तर आग लागू शकते. लेबल पुसले असेल, वजनावरूनही खात्री होत नसेल, तर त्या बॅटरीवर प्रयोग करू नका.

मग बॅटरी निरखून पाहा. पोट फुगलेले, कवच तडकलेले, ओल किंवा आम्लाचा वास येणारी बॅटरी बाजूला ठेवा. टर्मिनलवर पांढरे-हिरवे किट्ट असेल तर ते काढा, वायरी आणि फ्यूज तपासा. फ्यूज उडाल्यामुळे किंवा चार्जिंगची पिन सैल झाल्यामुळे चांगली बॅटरी बसलेली वाटते, असे वारंवार होते.

नंतर मीटर लावा. काही तास काहीही न जोडता ठेवलेल्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीवर १२.६ किंवा जास्त दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आठच्या खाली असेल तर ती बराच काळ खोलवर उतरून पडली आहे. शून्याच्या जवळ असेल तर आशा कमी, पण शिसे-आम्लाच्या बाबतीत एक प्रयत्न करायला हरकत नाही.

शिसे-आम्लाची बॅटरी उठवण्याची रीत

मूळ नियम असा: प्रवाह थोडा, व्होल्ट किंचित जास्त, वेळ भरपूर. बॅटरीच्या एएचच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतका प्रवाह पुरतो. ८ एएचच्या बॅटरीला ०.४ ते ०.८ अँपिअर. जाड सल्फेटातून सुरुवातीला अगदी थोडाच प्रवाह जातो, पण तो जिथून जातो तिथले सल्फेट विरघळते, वाट रुंदावते आणि प्रवाह वाढतो. मोठा चार्जर लावून घाई केली तर आतले पाणी वायू होऊन उडते, प्लेटा तापतात आणि असलेली ताकदही जाते.

असा मंद प्रवाह मिळवायच्या तीन सोयी तालुक्याच्या गावात, बहुतेक खेड्यांतही, हाताशी असतात.

पहिली सोय मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे. तिथे व्होल्ट कमी-जास्त करता येणारा, प्रवाह दाखवणारा डीसी पॉवर सप्लाय असतो. तो १४.५ व्होल्टवर ठेवून प्रवाहाची मर्यादा अर्ध्या अँपिअरवर बांधावी. पहिला तासभर प्रवाह शून्यच दिसला तर व्होल्ट सोळापर्यंत वाढवता येतात, पण समोर बसून. प्रवाह वाहू लागला की पुन्हा १४.५ वर यावे.

दुसरी सोय सूर्याची. दहा वॅटचे छोटे सौर पॅनेल उघड्या अवस्थेत २१ व्होल्टच्या आसपास दाब देते, पण कडक उन्हातही त्याचा प्रवाह सहा दशांश अँपिअरच्या पुढे जात नाही. दाब भरपूर, प्रवाह बांधलेला: सल्फेट चढलेल्या लहान बॅटरीला नेमके हेच हवे असते. पॅनेल थेट जोडले की आधी बॅटरीचे व्होल्ट झटकन पंधरा-सोळाच्या वर उडी घेतात, कारण ती काही घेतच नाही. ती घेऊ लागली की व्होल्ट खाली उतरतात, कधी बाराच्याही खाली. हे उतरणे शुभ लक्षण आहे. त्यानंतर व्होल्ट सावकाश चढत जातात. ते १४.७ च्या वर जाऊन टिकू लागले की थेट जोडणी तोडावी आणि पुढचे काम चार्ज कंट्रोलरवर किंवा पंपाच्या चार्जरवर सोपवावे. संध्याकाळी पॅनेल काढून ठेवावे, नाहीतर अंधारात त्यातून बॅटरी थोडी उतरते. पॅनेल उन्हात, बॅटरी मात्र सावलीत हवी.

तिसरी सोय चार्जर नाकारतो तेव्हाची. मोटारसायकलची चांगली, भरलेली १२ व्होल्टची बॅटरी घ्यावी. दोन्ही बॅटऱ्यांचे ऋण टोक एकमेकांना जोडावे. धन टोकांच्या मध्ये मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब घालावा. हा बल्ब राखणदाराचे काम करतो: पलीकडची बॅटरी आतून शॉर्ट असली तरी त्यातून सुमारे ०.८ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाणार नाही. बल्ब मुळीच लागला नाही तर सल्फेट जाड आहे, थांबावे लागेल. मंद लागून हळूहळू विझत गेला तर बॅटरी भरते आहे. तासन् तास तसाच उजळ राहिला आणि बसलेल्या बॅटरीचे व्होल्ट वर सरकलेच नाहीत, तर आत शॉर्ट आहे, प्रयत्न सोडून द्यावा. बॅटरी अकरा-साडेअकरा व्होल्टवर आली की ही जोडणी काढावी. आता पंपाचा चार्जर तिला ओळखतो.

यातल्या कोणत्याही रीतीला अर्धा दिवस ते दोन दिवस लागू शकतात. बॅटरी कोमट लागली तर चालेल. हात ठेवता येणार नाही इतकी तापली किंवा फुगू लागली तर लगेच तोडावी. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून काम उघड्या जागी करावे, विडी-काडी लांब ठेवावी, वायर जोडताना-काढताना आधी पुरवठा बंद करावा. डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी पाण्याची बादली हवी. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे, आणि डोळ्यांत गेले असेल तर धुतल्यावर लगेच दवाखाना गाठावा.

उठली की नाही याची परीक्षा

हिरव्या दिव्यावर विसंबू नये. चार्ज झालेली बॅटरी काहीही न जोडता एक दिवस ठेवावी आणि मग मोजावी. १२.६ च्या आसपास टिकली तर ठीक. १२.२ च्या खाली घसरली तर तिचा भरवसा नाही. टिकलेल्या बॅटरीवर १२ व्होल्ट, २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब लावून वेळ मोजावी. ८ एएचची नवी बॅटरी तो साडेतीन-चार तास चालवते. साडेदहा व्होल्टवर आली की बल्ब काढायचा, त्याखाली जाऊ द्यायचे नाही. दोन तास मिळाले तर निम्मी ताकद परत आली असे समजा. लगेच पुन्हा मंद चार्ज करा आणि हीच फेरी दोन-तीनदा करा. सल्फेट मोकळे होत असेल तर प्रत्येक फेरीत वेळ वाढतो. प्लान्ते यांनाही त्यांच्या शिशाच्या पत्र्यांत ताकद आणण्यासाठी ते पुन्हा पुन्हा चार्ज करून उतरवावे लागत होते. फेऱ्यांनी प्लेट जागी होते ही गोष्ट या बॅटरीइतकीच जुनी आहे.

पूर्ण ताकद क्वचितच परत येते. पण निम्म्या ताकदीची बॅटरी पंपाला कमी पडली तरी गोठ्यातल्या एलईडी दिव्याला कित्येक रात्री पुरते.

इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरची पाण्याची बॅटरी

ज्या बॅटरीला झाकणे असतात तिची पहिली तपासणी पाण्याची. पाणी उतरून प्लेटा उघड्या पडल्या असतील तर हवेने त्या वाळतात आणि तो भाग बहुधा कायमचा जातो. प्लेटा बुडतील इतकेच बॅटरीचे, म्हणजे डिस्टिल्ड पाणी घालून चार्जिंग सुरू करावे आणि खुणेपर्यंतचे पाणी चार्ज पूर्ण झाल्यावर भरावे. आधीच काठोकाठ भरले तर चार्ज होताना आम्ल उतू जाते. बोअरचे पाणी अजिबात घालू नये. इथल्या काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम, लोह, क्लोराइड असतात आणि ते प्लेटांचा नाश करतात. फिल्टरच्या पाण्यातही क्षार उरतात, तेही नको. वरून आम्ल घालण्याची चूकही टाळावी. आम्ल कुठे गेलेले नसते, सल्फेटाच्या रूपात प्लेटांवर अडकलेले असते. बॅटरी भरली की ते आपोआप परत येते.

इथे आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने प्रत्येक सेल वेगळा तपासता येतो, हा मोठा फायदा. पाच सेलांचे आकडे जवळपास आणि एकाचा फार खाली असेल, तर आजार त्या एका सेलात आहे. सगळेच सारखे खाली असतील तर बॅटरी नुसती उतरली आहे, आणि १५० एएचच्या बॅटरीला सात ते पंधरा अँपिअरने दिवसभर चार्ज मिळाला की ती बहुधा उठते.

टॉर्चचे निकेलचे सेल

पेन्सिल सेलसारखे दिसणारे, पुन्हा चार्ज होणारे सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचे असतात, जुन्या ट्रिमरमध्ये निकेल-कॅडमियमचे. जुन्या पद्धतीचे निकेल सेल दोन-चार महिन्यांत आपोआप रिकामे होतात. २००५ पासून हळू उतरणारे सेल बाजारात आले, ते वर्षभर बरेच टिकतात. पडून राहिलेल्या सेलचे व्होल्ट फार खाली गेले की हुशार चार्जर त्याला नाकारतो. अशा वेळी साध्या, मंद चार्जरवर तो तासभर ठेवावा. एक व्होल्टच्या वर आला की हुशार चार्जर त्याला घेतो. दोन-तीन फेऱ्यांत त्याची बरीच ताकद परत येते. टॉर्चमध्ये एक मेलेला सेल बाकीच्यांनाही ओढतो, म्हणून सेल जोडीने किंवा संचाने बदलावेत.

लिथियम: इथे मर्यादा पाळायचीच

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मोबाइल, लॅपटॉप, नवे सौर कंदील, नवे पंप, बॅटरीवरच्या स्कूटर, सगळीकडे हीच आहे. तिच्या प्रत्येक संचात राखणीचा छोटा सर्किट असतो. एका सेलचे व्होल्ट साधारण अडीचच्या आसपास उतरले की तो बाहेरचा रस्ता तोडतो. मग बाहेरून मीटरला शून्य दिसते, पण आतला सेल जिवंत असतो. पडून राहिलेला मोबाइल चार्जरला लावल्यावर बराच वेळ काहीच दाखवत नाही आणि मग अचानक चालू होतो, त्याचे कारण हेच. चार्जिंगचा सर्किट आधी अगदी थोडा प्रवाह देतो, सेल तीन व्होल्टच्या जवळ आला की मगच पूर्ण चार्ज सुरू करतो. म्हणून मूळ चार्जरला लावून तासभर वाट पाहावी, एवढाच घरगुती उपाय.

त्यापुढे जाऊ नये, आणि त्याला ठोस कारण आहे. सेल दोन व्होल्टच्या खाली गेला की त्याच्या ऋण बाजूचा तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुढे चार्ज करताना हे तांबे भलत्याच ठिकाणी साचते आणि आत शॉर्ट होतो. तो शॉर्ट त्याच दिवशी दिसेल असे नाही. आठवड्यांनी, भर चार्जिंगमध्ये, घरातली माणसे झोपलेली असताना सेल पेट घेऊ शकतो. ज्या सेलचे व्होल्ट दीडच्या खाली जाऊन आठवडाभर राहिले, त्याला चार्जच करू नये हा जाणत्यांचा नियम आहे. दोन आणि तीनच्या मधला सेल अनुभवी कारागीर मंद प्रवाहाने, हात लावून पाहत वर आणू शकतो. राखणीचा सर्किट तोडून थेट तारा जोडणे, फुगलेली बॅटरी टोचणे किंवा दाबणे यांचा शेवट आगीत होऊ शकतो. स्कूटरच्या मोठ्या संचाला घरी हात लावायचाच नाही, तो कंपनीच्या दुरुस्ती केंद्रावरच न्यावा.

चुकीचे उपाय

टॉर्चचे साधे सेल उन्हात ठेवले की थोडे चालतात, हे गावोगाव माहीत आहे आणि ते खरेही आहे. उष्णतेने उरलीसुरली रासायनिक क्रिया वेग घेते, म्हणून थोडा जोर येतो. सेल भरत मात्र नाही. हाच उपाय शिसे किंवा लिथियमच्या बॅटरीवर केला तर तिचे आयुष्य कमी होते. बॅटरी आपटणे, बर्फात ठेवणे, तुरटी किंवा मीठ घालणे, यांतून आजार वाढतो. वेल्डिंग मशीनच्या झटक्याने निकेल सेलचा शॉर्ट कधी जळतो, पण तो परत होतो, आणि सेल फुटला तर तोंडावर येतो.

जी उठत नाही तिचे काय

शिसे-आम्ल बॅटरीच्या वजनात सुमारे साठ टक्के शिसे असते. म्हणजे पंपाच्या छोट्या बॅटरीतही दीड किलोच्या जवळपास. हे शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, पण घरी किंवा उघड्यावर नाही. शिशाचा धूर आणि धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतात. रक्तात किती शिसे सुरक्षित, अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. बॅटरी फोडून आम्ल नालीत ओतणे हा सगळ्या वस्तीवर अन्याय आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळण्याची जबाबदारी आपल्यावर. नवी घेताना जुनी दुकानात जमा केली तर किमतीत सूटही मिळते. लिथियमची टोके चिकटपट्टीने झाकून ती वेगळी द्यावी.

ठेवण्याचे पंचांग

उठवण्यात जेवढी मेहनत आहे, तिचा दहावा हिस्साही नीट ठेवण्यात नाही. शिसे-आम्लाची बॅटरी नेहमी पूर्ण भरून ठेवायची. लिथियमची अर्धवट, साधारण निम्मी भरून. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी ४० अंशांत वर्षभर ठेवली तर तिची सुमारे एक तृतीयांश ताकद कायमची जाते. निम्मी भरलेली, २५ अंशांत ठेवली तर जेमतेम चार टक्के. दोन्ही जातींना गारवा हवा. पत्र्याखालून काढून बॅटरी मातीच्या किंवा दगडी भिंतीच्या आतल्या खोलीत जमिनीलगत ठेवली, तरी फरक पडतो. पंपाचे बटण बंद करून एक वायर काढून ठेवावी.

तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. शेवटची फवारणी झाली की त्याच संध्याकाळी पंप चार्जला लावायचा. हरभऱ्याची फवारणी आटोपली की संक्रांतीच्या सुमारास एकदा, मग होळीला, पाडव्याला, अक्षय तृतीयेला आणि शेवटी मृगाच्या आधी आठ दिवस. ऊसतोडीला जाणाऱ्या घराने निघताना शिशाच्या बॅटऱ्या भरून, वायरी सोडवून शेजारी किंवा घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे द्याव्यात. महिन्यातून एक रात्र चार्जिंग, एवढेच काम त्यांना सांगायचे.

हे काम प्रत्येक घराने एकट्याने करण्यापेक्षा गावात एकाने केले तर अधिक सोपे होईल. धाराशिवला अशा कामाची ओळख आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात घरे पुन्हा उभी राहताना बायकांचे गट पुढे आले. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांना बळ दिले, आणि पुढे त्यांतल्याच बायका 'सखी' म्हणून सुधारित चुली आणि सौर कंदील घेऊन घरोघरी गेल्या. मुंबईच्या आयआयटीने दहा लाख विद्यार्थ्यांना सौर दिवे देण्याच्या योजनेत दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती स्थानिक माणसांनाच शिकवली. वस्तू विकणारा आणि दुरुस्त करणारा गावचाच असला की ती वस्तू टिकते, हे त्यातून दिसले. सौर दिव्यात पॅनेल पंचवीस वर्षे टिकू शकते, एलईडी हजारो तास चालतो. बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते. म्हणून दिवा बंद पडला की आधी बॅटरीकडे पाहावे, पॅनेल आणि दिव्यासकट सगळे टाकून देऊ नये.

एक मीटर, एक दहा वॅटचे पॅनेल, इंडिकेटरचा बल्ब आणि हायड्रोमीटर, एवढ्या साहित्यावर गावातली एखादी सखी, वायरमन किंवा आयटीआय झालेला मुलगा शंभर घरांच्या बॅटऱ्या उन्हाळाभर सांभाळू शकतो. महिन्याला प्रत्येक बॅटरीमागे थोडे पैसे त्याला मिळावेत, आणि मृगाच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक पंप भरलेला, तपासलेला परत जावा. नव्या बॅटरीचे पैसे वाचतील, शिसे मातीत जाणार नाही, आणि पाऊस उघडल्यावर फवारणीला मिळणारे मोजके कोरडे दिवस तालुक्याच्या फेऱ्यांत जाणार नाहीत. यंदाच्या संक्रांतीपासून सुरुवात करता येईल.